पाजतेय ती

अलास्काच्या खाडीत आमची छोटी बोट किनाऱ्यापासून वीसेक हातांवर थांबली आणि नावाड्याने इंजिन बंद केलं. समोर एक अस्वलीण ओल्या वाळूत शिंपले उकरत होती आणि तिची दोन पिल्लं मागेमागे करत होती. लेकीने आम्हा नवरा-बायकोला मोठ्या हौसेने तिथे नेलं होतं. ह्यांनी चाळीस वर्षं सांगलीत लग्नांचे फोटो काढले, पण इतक्या जवळून जंगली अस्वल त्या दिवशी पहिल्यांदाच टिपत होते.

मध्येच ती अस्वलीण थांबली. तिने आमच्याकडे एकदा नीट पाहिलं, गवतात जाऊन पाठीवर रेलली आणि पिल्लांना छातीशी घेतलं. दूध पिताना पिल्लं मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घुमत होती. तो आवाज पाण्यावरून थेट आमच्यापर्यंत येत होता.

ह्यांनी कॅमेरा खाली घेतला.

"बाबा, काढा की," लेक कुजबुजली. "यासाठीच तर आलोय आपण."

"पाजतेय ती," हे म्हणाले आणि पाठ फिरवून समुद्राकडे बघत उभे राहिले.

मी मात्र पाहत राहिले. एका पंज्यात माणूस लोळवेल असं ते जनावर आमच्यासमोर पोट उघडं टाकून निजलं होतं. आम्ही तिच्या लेखी कोण होतो, कोण जाणे. पण इतका विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता. मी श्वासही हळूच घेत होते.

बऱ्याच वेळाने ह्यांनी मागे न वळताच विचारलं, "झालं का त्यांचं?"

"अजून नाही," मी म्हणाले.