निरगुडीचं कुंपण

आई गेली त्याच्या आठ महिन्यांनी बाबा अकोल्याला माझ्या घरी कायमचे राहायला आले. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात ओल्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेल्या तीन काड्या. पिशवी त्यांनी माझ्या नवऱ्याकडे दिली. काड्या मात्र दिल्या नाहीत.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"निरगुडी. आपल्या तेल्हाऱ्याच्या नाल्यावरून आणली. पाणी दे आधी. मले नाही, इले."

त्याआधी ते पुण्याला माझ्या भावाकडे चार महिने राहिले होते, आणि तिथून आधी आमच्या गावी, तेल्हाऱ्याला, जाऊन मग इकडे आले होते. भाऊ-वहिनीनं काही कमी केलं नव्हतं. पण सातवा मजला, आणि खाली उतरलं तरी सगळीकडे फरशीच. एक दिवस फोनवर म्हणाले, "बाई, इथं मातीले हात लावाचा तं कुंडी पायजे." मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मग इकडे येऊ दे की. विचारतेस काय?"

नातेवाईकांनी मात्र विचारलं. पोरगा कमावता असताना बाप लेकीच्या घरी कसा, असा फोन मावशीनं केला, आत्यानं केला, आणि ज्यांनी आईच्या आजारपणात एकदाही केला नव्हता त्यांनीही केला. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, की लेकीच्या घरातली चूल काही वेगळी पेटत नाही.

बाबांनी तीस वर्षं एसटी चालवली. मेळघाटातले घाट, बाळापूरचा रस्ता, उन्हाळ्यात तापलेलं इंजिन मांडीशेजारी. क्लच दाबून दाबून त्यांचा डावा टोंगळा, म्हणजे गुडघा, पार कामातून गेला होता. मी स्वतः चोवीस वर्षं दवाखान्यात सिस्टर आहे. गोळ्या, इंजेक्शनं, मलमं, सगळं मी त्यांना आणून देत होते आणि ते घेतही होते. पण संध्याकाळी निरगुडीचा पाला उकळून त्याचा शेक घेतल्याशिवाय त्यांचा दिवस संपत नसे. नाल्यावरचा पाला इथे कुठून मिळणार, म्हणून त्यांनी झाडच सोबत आणलं होतं.

खरं सांगायचं तर मला त्या काड्यांची लाज वाटली. आमचा लेआउट, म्हणजे प्लॉटांची वसाहत, तसा नवा. शेजारी गुलाब, समोर जास्वंद, कोपऱ्यावरच्या बंगल्यात रंगीत पानांच्या कुंड्या. आणि आमच्या गेटजवळ नाल्यावरचं झुडूप! मी म्हटलं, "बाबा, मागच्या बाजूला लावू या ना."

"मागं ऊन नाही," ते म्हणाले आणि गेटजवळच खड्डा करायला बसले. बसले म्हणजे गुडघा वाकत नव्हता म्हणून एक पाय लांब पसरून, मातीतच.

तीनपैकी दोन काड्या जगल्या. आमची काळी माती आणि बाबांच्या हातचं पाणी. वर्षभरात झुडूप कंपाउंडच्या वर गेलं. पाच बोटांसारखी पानं, वरून हिरवी आणि खालून राखाडी. टोकाला जांभळट फुलांचे बारीक तुरे. पानाला हात लागला की वास सुटायचा. तो वास गोड नाही, मोगऱ्यासारखा लाडिक तर अजिबात नाही. थोडा कापरासारखा, थोडा कडवट, सरळ कपाळात जाणारा. काहींना तो आवडतो, काहींना घाण वाटतो. मलाही आधी घाणच वाटायचा. नंतर असं झालं की ड्यूटीवरून आल्यावर गेट उघडताना तो वास आला की अंगावरचा फिनेलचा वास गळून पडायचा.

बाबांनी झाडाला कामाला लावलं. वाळलेला पाला गव्हाच्या कोठीत टाकला, ओल्या पाल्याचा धूर डासांसाठी केला, मला सर्दी झाली तेव्हा पाल्याची वाफ घ्यायला लावली. गेटजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "जय भीम" घालायचे. बहुतेक जण हसून उत्तर द्यायचे. लेआउट समितीचे अध्यक्ष तेवढे मान हलवल्यासारखं करून पुढे जायचे. निवृत्त अधिकारी होते. त्यांना सगळं ओळीत लागायचं.

एक दिवस लेआउटच्या ग्रुपवर आमच्या गेटचा फोटो आला. खाली अध्यक्षांनी लिहिलं होतं, "सुशोभीकरणाच्या दृष्टीनं याला काय म्हणावं?" प्रत्येक घरासमोर एकसारखे पाम लावायचे ठरत होते. त्याखाली धडाधड मेसेज आले. साप येतात. वास येतो. असलं झाड घरात लावत नाहीत. एकानं तर विचारलं, पाला विकायला ठेवलाय का?

रविवारी ओपन स्पेसच्या शेडमध्ये मीटिंग झाली. बाबाही माझ्यासोबत आले, काठी टेकत. अध्यक्ष सापांचं बोलले, तेव्हा मी उभी राहिले.

"साप पाल्यासाठी येत नाही, उंदरांसाठी येतो. उंदीर मोकळ्या प्लॉटवरच्या कचऱ्यात आहेत. तो कचरा कोणाच्या घरून जातो ते सांगू का सगळ्यांसमोर?"

दोन-तीन जणांनी माना खाली घातल्या. बाबा म्हणाले, "साहेब, फांदी रस्त्यावर येते तं मी छाटून देतो. झाड काढा म्हणू नका."

अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मलाच म्हणाले, "ताई, तुमचे वडील पाहुणे आहेत. पाहुण्यांनी पाहुण्यासारखं राहावं. लेआउटचं काय ते आपण रहिवासी ठरवू."

माझे कान तापले. "माझा बाप माझ्या घरात पाहुणा आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ताई, हळू बोला," कोणीतरी म्हणालं.

"हळूच बोलतेय. जोरात बोलले असते तर तेल्हाऱ्यापर्यंत ऐकू गेलं असतं."

घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "त्याचं काही चुकलं नाही, बाई. लोक तं असंच समजतात." त्यांचं ते समजून घेणं मला अध्यक्षांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी पाटीवाल्याकडे गेले. नवी पाटी, सगळ्यात वर बाबांचं नाव, खाली आम्हा दोघांचं. तो म्हणाला, "सासऱ्यांचं नाव वर घ्यायचं ना?"

"सासऱ्यांचं नाही. माझ्या वडलांचं."

त्यानं नावं वहीत लिहून घेतली. मी घरी नवऱ्याला फोन लावला, रंग कोणता घ्यायचा विचारायला. तो म्हणाला, "रंग कोणताही घे. अक्षरं मोठी काढायला सांग. रस्त्यावरून वाचता आली पाहिजेत."

पाटी लागली त्याच्या पंधरा दिवसांनी मी बाबांना घेऊन अमरावतीला गेले, हाडांच्या डॉक्टरांकडे. एक्स-रे पाहून ते म्हणाले, वाटी बदलावी लागेल, आता दुसरा इलाज नाही. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. दुपारी चारच्या सुमारास अकोल्यात उतरलो. रिक्षा आमच्या गल्लीच्या वळणावर आली तेव्हाच निरगुडीचा वास आला, नेहमीच्या दहापट.

"कोणी तरी तोडली," बाबा म्हणाले.

तोडलीच होती. बाहेर लोंबणारी फांदी नव्हे, अख्खी. गेटच्या आत येऊन बुडापासून. जमिनीवर दोन पांढरे खुंट होते आणि फांद्यांचा ढीग मोकळ्या प्लॉटवर फेकलेला होता. समोरच्या बाईंनी सांगितलं, अध्यक्षांनी माणसं पाठवली होती.

मी पर्ससकट त्यांच्या दारात गेले.

"बाहेर येत होतं तेवढंच तोडायला सांगितलं होतं," ते म्हणाले. "माणसांनी जास्त तोडलं."

"गेट उघडून आत शिरून?"

"अहो ताई, झुडूपच तर होतं."

"माझ्या वडलांनी लावलेलं होतं. माफी मागा. माझी नको, त्यांची. ते तिथे उभे आहेत."

अध्यक्षांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. बाबा काठीवर भार देऊन उभे होते. "बघू," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. त्याच दिवशी मी ग्रुपवर सगळ्यांच्या नजरेसमोर लिहिलं, काय झालं, कोणी केलं, कधी केलं. पुन्हा कोणी गेटच्या आत पाऊल टाकलं तर पोलिसांत जाईन, हेही लिहिलं. एरवी सकाळच्या फुलांच्या फोटोंनी वाहणारा तो ग्रुप दोन दिवस गप्प होता.

पण लिहून माझं समाधान झालं नाही. त्याच दुपारी फोन ठेवून मी पायरीवर बसले आणि मला रडू आलं. तेवढ्यात बाबा मोकळ्या प्लॉटवरून फांद्यांची मोळी काखेत धरून लंगडत येताना दिसले.

"रडतं कायले?" ते म्हणाले. "इतक्या काड्या मी तोडाच्या म्हटलं असतं तं माहा जीव झाला नसता. त्यानं आयत्या तोडून देल्ल्या. कोयता आण."

आम्ही अंगणात बसलो. त्यांनी शिकवलं तसं मी एकेक फांदी वीतभर कापली, खालचा काप तिरका, पानं काढून टाकलेली, दोन डोळे मातीत आणि दोन वर. नवऱ्यानं लोखंडी सब्बलीनं कंपाउंडच्या कडेकडेनं भोकं पाडली. समोरच्या बाई न बोलावता बादली घेऊन आल्या. तीन बाजूंनी भिंतीला लागून आम्ही काड्या टोचत गेलो. दिवेलागणीला उठलो तेव्हा माझे हात हिरवे-काळे झाले होते.

काही वाळल्या, बऱ्याच जगल्या. बुडातले खुंटही फुटले. अध्यक्षांना एक झाड नको होतं. आता आमच्या घराला निरगुडीचं कुंपण आहे. आमच्या गेटसमोर पाम लावायला कोणी आलं नाही.

गुडघ्याची लढाई मात्र मला बाबांशीच करावी लागली. "मले ऑपरेशन नाही पायजे," ते म्हणायचे. "निरगुडी हाय ना."

एक दिवस शेक घेता घेताच मी त्यांना गाठलं. "बाबा, निरगुडीनं ठणका कमी होतो. झिजलेलं हाड भरून येत नाही. पिस्टन गेल्यावर नुसतं ऑइल टाकून गाडी घाटात न्याल का तुम्ही?"

ते बराच वेळ फडकं पिळत राहिले. मग म्हणाले, "नाही नेणार."

दवाखान्यात फॉर्म भरताना खिडकीतल्या माणसानं विचारलं, "मुलगा नाही का?"

"आहे. पुण्याला."

"मग त्यांना येऊ द्या. नंतर घरचे भांडतात, सही कोणी केली म्हणून."

"नातं लिहायला जागा आहे ना? तिथे मुलगी लिहिते. घरची मीच आहे." मी सही केली आणि पेन त्याच्यासमोर ठेवलं.

भाऊ दुसऱ्या दिवशी आलाच. आठ दिवस बाबांच्या पलंगाशेजारी राहिला, त्यांना आंघोळ घातली, चालवलं. जाताना म्हणाला, "तू मला विचारलं नाहीस." मी म्हटलं, "सांगितलं होतं. विचारलं नाही, हे खरं." तो बाबांच्या पाया पडून गेला. आमचं त्यावरून बिनसलं नाही.

ऑपरेशनच्या पायाला पाला लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबांनी ते पाळलं, पण उजव्या गुडघ्याचा शेक चालू ठेवला. "उजवा तं अजून माहाच हाय," म्हणाले. आता ते काठीशिवाय चौकापर्यंत जातात आणि पेपर घेऊन येतात.

पाला मागायला खूप जण येतात. पाठीसाठी, टाचेसाठी, डासांसाठी. मी देते. पण कोणी विचारलं की शुगर जाते का यानं, तर मी सरळ सांगते, "नाही. आणि गोळी बंद करणार असाल तर पाला इथेच ठेवून जा." काही जण रागावतात. दवाखान्यातले डॉक्टर उलट बाजूनं हसतात, सिस्टर घरी जंगल वाढवतात म्हणून. त्यांनाही मी हेच सांगते, की दोन्ही माझ्या घरात आहे आणि कशानं काय होतं ते मला कळतं.

अध्यक्षांनी माफी मागितली नाही. पालाही मागितला नाही. सकाळी फिरायला निघतात तेव्हा आमच्या कंपाउंडशी आले की नाकाला रुमाल लावतात. रविवारी त्याच वेळेला मी छाटणीची कात्री घेऊन बाहेर असते. पूर्वी ते दिसले की माझा हात थांबायचा. आता मी छाटत राहते, आणि छाटलेल्या पाल्याचा वास असा सुटतो की रुमालाचं काही ऐकत नाही.