दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय उठायचं नाही

चांगल्या कॅसेटचा किस्सा होत नाही. आणली, ऐकली, आवडली, संपलं! बंडल निघालेल्या कॅसेटचं मात्र तसं नसतं. ती फडताळात धूळ खात पडते आणि तिचा किस्सा इकडे दर दिवाळीला फराळाबरोबर बाहेर येतो, दरवेळी थोडा जास्त खुसखुशीत होऊन. आमच्या चौघींकडे असे किस्से इतके साठलेत, की कोणी नुसतं "अगं, ती द्राक्षवाली..." एवढं म्हटलं तरी बाकीच्या पदर तोंडाला लावतात.

चौघी म्हणजे मी, शालिनी, बेबी आणि वत्सला. शालिनी शाळेत मास्तरीण. बेबी आमच्यात धाकटी, जे नवीन निघेल ते तिला हवं. आणि वत्सला माहेरची निफाडकडची, राहायला सिडकोत. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं सगळं मी शिवणाच्या मशीनवर बसून रेडिओकडून शिकले. सूर कुठे लागला आणि कुठे घसरला हे मला कळतं, आणि कळलं की मी बोलते. कोणाला राग आला तर येऊ दे.

नव्वदच्या आसपास मी टेप घेतला आणि इंदिरानगरातल्या माझ्या घरी शनिवार दुपारची बैठक सुरू झाली. टेप माझा, म्हणून नियमही माझे. दर शनिवारी एकीने नवी कॅसेट आणायची. दोन्ही बाजू पूर्ण ऐकायच्या. मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही, गाणं पुढे पळवायचं नाही. कॅसेट बंडल निघाली तर जिने आणली तिने माझ्या स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांचा चहा करायचा. चांगली निघाली तर कोणीतरी "पुन्हा!" म्हणायचं, आणि जी "पुन्हा" म्हणेल, चहा तिने करायचा. आमच्याकडे दाद फुकट मिळत नव्हती!

चहाबद्दल माझी एकच सूचना असे, "मला साखर कमी. आणि आलं किसून घाल, ठेचून नको."

ही सूचना सगळ्यात जास्त वेळा वत्सलाने ऐकली. तिच्या एकाही कॅसेटला कधी "पुन्हा" मिळालं नव्हतं. एकाही!

एकदा ती आलं किसता किसता म्हणाली, "इंदूताई, एकदा तरी म्हणा हो 'पुन्हा'. घरी आमचे हे चिडवतात. खोटं म्हणालात तरी चालेल."

मी म्हटलं, "खोटं मी देवालासुद्धा म्हणत नाही. चांगली कॅसेट आण, घसा फोडून म्हणेन."

*

मेन रोडला एक गाण्यांचं दुकान होतं. तिथून शालिनीने जुन्या गाण्यांची कॅसेट आणली. कव्हरवर मोठ्या गायिकेचा फोटो, हात जोडलेला, कपाळाला टिकली. आम्ही सावरून बसलो. टेप सुरू झाला आणि आतून भलतीच कोणीतरी किंचाळली!

दोन्ही बाजू सोसल्यावर मी चष्मा लावून कव्हर वाचलं. नावाखाली मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं, 'यांची गाणी नव्या आवाजात'.

मी तशीच उठले, रिक्षा केली आणि दुकानात गेले.

"फोटो कोणाचा? आवाज कोणाचा?"

दुकानदार हसला. "मावशी, फोटोला कुठे आवाज असतो?"

"मग फोटोच विकायचास! आत कोरी कॅसेट घातली असतीस तरी यापेक्षा बरी ऐकू आली असती!"

दुकानातली माणसं हसली. माझं हे वाक्य लक्षात ठेवा.

*

मग शालिनीने 'मन:शांती' नावाची कॅसेट आणली. बासरी, पाण्याचा आवाज, आणि मधूनमधून एक गृहस्थ अगदी खालच्या आवाजात सांगत होते, "आता पावलं सैल सोडा... आता खांदे सैल सोडा..."

जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. टेप केव्हाच थांबला होता. बेबी सतरंजीवर आडवी, वत्सला भिंतीला टेकून आणि शालिनी स्वतः लोडावर, चष्म्यासकट!

आता निकाल काय द्यायचा? शालिनीचं म्हणणं, "कॅसेट शंभर टक्के पास! तिचं कामच ते होतं."

मी म्हटलं, "ऐकली कोणी? दुसरी बाजू कोणती होती ते तरी सांग."

ती म्हणाली, "दादच हवी असेल तर बेबीने चांगली घोरून दिली की!"

चहा शालिनीनेच केला. जांभया देत.

*

वत्सलाची खासियत अशी, की ती कव्हरवर भाळायची. एकदा गंगेवर, म्हणजे इथल्या नदीच्या घाटावर, गेली होती. तिथल्या टपरीवरून तिने भजनाची कॅसेट उचलली. कव्हरवर लिहिलेलं, 'प्रत्यक्ष मैफलीचं ध्वनिमुद्रण'. बाई खूश!

पहिली बाजू लावली. कोणीतरी दीपप्रज्वलन केलं. मग अध्यक्षांची ओळख झाली. मग अध्यक्षांना शाल. मग ज्यांनी शाल दिली त्यांना नारळ. मग तबलजीला गुच्छ, पेटीवाल्याला गुच्छ, मंडपवाल्याला गुच्छ. बुवांनी खाकरून सूर लावला, "आऽऽ..." आणि खट्! पहिली बाजू संपली.

दुसऱ्या बाजूला एक भजन, आणि मग आभारप्रदर्शन!

वत्सलाचे यजमान, अण्णा, अंबडला कारखान्यात होते. शनिवारी पाळी सुटली की तिला न्यायला स्कूटर घेऊन यायचे. घरात कधी येत नसत, "बायकांच्या बैठकीत माझं काय काम?" म्हणत फाटकातूनच हॉर्न वाजवायचे आणि फाटकातूनच टोमणे मारायचे. त्या दिवशी त्यांना सगळं कळल्यावर म्हणाले, "पुढच्या वेळी कॅसेट नको आणू. नुसती निमंत्रणपत्रिका आण. आपण वाचू!"

वत्सला मुकाट्याने मागे बसली. तिला राग यायचा, पण तो ती पर्समध्ये ठेवून घरी न्यायची.

*

माझ्यावर आरोप आहे की मी स्वतःच्या बंडल कॅसेटचा किस्सा सांगत नाही. हा घ्या.

मी एका नामवंत बाईंच्या ख्यालाची कॅसेट आणली. विलंबित, अतिविलंबित. आवाज असा खर्जातला, की पोटात गुरगुरल्यासारखं वाटावं. मी डोळे मिटून मान डोलवत होते. संपल्यावर तिघींना समजावलं, "याला साधना म्हणतात. बाईमाणसाने इतका खालचा सूर लावायचा म्हणजे चेष्टा आहे का?"

बेबी इकडे तिकडे बघत म्हणाली, "ताई, टेपचा पट्टा सैल झालाय बहुतेक. परवा माझ्या मुलाची कवितांची कॅसेट लावली होती ना, तोही आजोबांसारखा बोलत होता."

पट्टा बदलला. त्याच बाई आता चिमणीसारख्या चिवचिवायला लागल्या! तिघी चहासाठी माझ्याकडे बघत बसल्या. मी म्हटलं, "कॅसेट नापास झालेलीच नाही. ती हळू होती तेव्हाच चांगली होती." आजही माझं तेच मत आहे. त्या शनिवारी कोणीच चहा प्यायलं नाही.

*

आता द्राक्षवाली.

वत्सलाच्या माहेरगावी एक बागायतदार होते. त्या साली द्राक्षं चांगली गेली, म्हणून त्यांनी हौसेने स्वतःच्या गाण्यांची कॅसेट काढली. शब्द त्यांचे, चाल त्यांची, आवाजही त्यांचाच! कव्हरवर स्वतः बागेत उभे, हातात घड. वत्सला माहेरहून घेऊन आली आणि टेपात घालताना म्हणाली, "आज चहा मी करणार नाही."

मागे कीबोर्डवाला सनईपासून शिट्टीपर्यंत सगळी बटणं दाबत होता. आणि पुढे हे दादा नाकातून गात होते:

"वेल चढली मांडवावर, सांग तिला, खाली ये..."

एवढीच ओळ. तीच ओळ पुन्हा पुन्हा, शेवटचा 'ये' गुऱ्हाळाच्या इंजिनासारखा लांबवून! शालिनीने रुमालाचा बोळा तोंडात कोंबला. बेबीचे खांदे हलत होते. मी नियमाला जागून गप्प बसले, पण संपल्या संपल्या म्हटलं, "वत्सला, चहा."

तिचे डोळे भरले होते. "इंदूताई, शब्द चांगले आहेत हो," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

फाटकाबाहेरून अण्णांनी ऐकलंच होतं. "असं गायल्यावर वेल खाली कशाला येते? मांडवासकट पळून जाईल!"

पुढे कित्येक वर्षं ते तिला हाक मारताना हॉर्न देऊन ओरडायचे, "सांग तिला, खाली ये!" गल्लीतली पोरंसुद्धा शिकली.

*

मग सीडी आल्या. बेबीने मुलाचा प्लेअर आणि रिमिक्सची सीडी आणली. जुन्या चालींखाली असा ढोल घातलेला, की माझ्या मांडणीवरची ताटं नाचायला लागली. शेजारच्या काकू विचारायला आल्या, "बोअर मारताय का?"

शालिनी तोंड वाकडं करून बसली होती, पण तिचा गुडघा उडत होता. मी नजरेने दाखवलं. ती संपल्यावर म्हणाली, "गुडघ्याचं दुखणं आहे ते. माझा काही संबंध नाही."

पण खरी अडचण पुढेच होती. दोन्ही बाजू ऐकायचा नियम! बेबी म्हणाली, "ताई, सीडीला एकच बाजू असते."

वत्सला म्हणाली, "असं कसं? पालथी घालून बघू की!"

घातली. प्लेअर घरघरला, कुरकुरला आणि गप्प झाला.

वत्सला समाधानाने म्हणाली, "ही बाजू जास्त बरी आहे."

त्यावर शालिनी "पुन्हा" म्हणता म्हणता थांबली. चहा करावा लागला असता ना! बेबीने केला. वत्सलाचं "पुन्हा" थोडक्यात हुकलं. ते तिला लागलं. त्या दिवसापासून तिने ठरवलं, मी आणीन तर कॅसेटच आणीन आणि तुमच्याकडून म्हणवून घेईन.

*

कॅसेटी बंद व्हायला आल्या तेव्हाची गोष्ट. मेन रोडच्या त्या दुकानात आता मोबाइल लागले होते. कोपऱ्यातल्या खोक्यात उरल्यासुरल्या कॅसेटी पडल्या होत्या. वत्सलाने त्यातली एक शोधून आणली. कव्हरवर तंबोरा घेतलेली बाई, वर प्लॅस्टिक तसंच चिकटलेलं. नेहमीप्रमाणे कव्हरवर भाळलेली!

"ही शेवटची, इंदूताई," ती म्हणाली. "आता दुकानातच नाहीत."

प्लॅस्टिक फाडलं. कॅसेट घातली. बटण दाबलं.

स्सऽऽऽऽ.

आम्ही वाट बघितली. स्सऽऽऽऽ. वत्सलाने आवाज मोठा केला. मोठं स्सऽऽऽऽ.

बेबी कुजबुजली, "ताई, कोरी आहे हो!"

मी म्हटलं, "कोरी आहे हे दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय कसं ठरवणार? बसा! बोलायचं नाही."

बसलो. वत्सला टेपकडे अशी बघत होती, जणू टक लावून बघितल्यावर ती तंबोऱ्याची बाई गाणारच. पहिल्या बाजूत आम्ही काय ऐकलं? पंख्याची कुरकुर. कौलावर कबुतरं. शालिनीचं पोट. शेजारच्या काकूंचा कुकर. बाजू पालटली. वत्सलाने बसल्या जागेवरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिला कळून चुकलं होतं.

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. अण्णा! निवृत्त झाले होते, तरी शनिवारी न्यायला यायचे. हॉर्न वाजला नाही. घरातून ना गाणं, ना बोलणं. त्यांना वाटलं असावं, आम्ही देवळात गेलोय. फाटक वाजलं. ते ओट्यावर टेकले, आणि थोड्या वेळाने गुणगुणायला लागले. मग हळूहळू शब्द फुटले.

"वेल चढली मांडवावर, सांग तिला, खाली ये..."

चेष्टेने नाही. अगदी सावकाश. शेवटच्या 'ये'वर सूर असा अलगद टेकला, की मी मान वर केली. आणि त्या ओळीच्या पुढेही ते गात राहिले. पुढचं कडवं, त्याच्या पुढचं कडवं, एक शब्द न चुकता. एवढ्या वर्षांत आमच्यापैकी एकीलाही ते गाणं त्या एका ओळीच्या पुढे आठवत नव्हतं!

बेबीने माझा हात धरला. शालिनीचा गुडघा थांबला. वत्सला मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

गाणं संपलं. खट्! कॅसेटही संपली.

मी घसा फोडून ओरडले, "पुन्हा!"

बाहेर काहीतरी धाडकन पडलं. मग फाटक, मग स्कूटरच्या किकवर किका. स्कूटर काही सुरू होईना.

वत्सला जागची हलली नाही. तिने लोड पाठीशी ओढला, पाय लांब केले आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"मला साखर कमी, इंदूताई. आणि आलं किसून. ठेचून नको."