बाजूला काढलेले दाणे
भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास आला की मला पलूसजवळची ती तेलाची गिरणी आठवते. दुष्काळाचं साल होतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या सरांना बुरशी लागलेल्या दाण्यांत यकृत नासवणारं विष सापडलं होतं. असे काळे दाणे घाण्यात जाऊ नयेत म्हणून त्यांनी गिरणीवाल्याच्या अक्षरशः हातापाया पडून निवडणाऱ्या बाया लावायला लावल्या. ते काम बघायला आम्ही सांगलीहून गेलो. तापलेल्या पत्र्याखाली बाया इतकं नीट निवडत होत्या की सर पहिल्यांदाच हसले. मग सुट्टी झाली आणि बाया काळे दाणे पदरात बांधू लागल्या. "हे कुठे नेताय?" सरांनी विचारलं. "आवं सायेब, निवडून काढल्यालं निवडणारीचंच असतंय," एक म्हातारी म्हणाली. "ह्येची चटणी हुती. पोरं तेवढ्यावर भाकरी खात्यात." सर विषाबद्दल सांगत राहिले, शेवटी हात जोडले, पण एकीनेही गाठ सोडली नाही. तेव्हा त्यांनी कोपऱ्यातला रॉकेलचा डबा उचलला आणि उरलेल्या काळ्या ढिगावर उपडा केला. म्हातारी खाली बसली आणि ते ओले दाणे ओंजळीनं गोळा करू लागली. "उनात टाकलं की वास उडंल," ती शेजारणीला म्हणाली. सर रिकामा डबा धरून तसेच उभे राहिले. अजूनही काळा दाणा दिसला की मी तो कचऱ्यात टाकत नाही. चिमट्यात धरून गॅसवर राख होईपर्यंत जाळते.