बरोबरी

धामणकर नाक्यावरून अंजूरला जाणाऱ्या शेअर रिक्षात तो माझ्या शेजारी बसला होता. विशीच्या आतला मुलगा, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून धरलेले. घाईत मोहरा उचलला जाऊ नये म्हणून लागलेली सवय असावी. त्याचा चेहरा मी नाक्यावरच्या बॅनरवर पाहिला होता. भिवंडीचा पोरगा बुद्धिबळात ग्रँडमास्टर झाला, याचं आम्हा सगळ्यांना केवढं कौतुक!

"अभिनंदन रे बाळा," मी म्हटलं. "आई किती खूश असेल!"

तो पुढच्या कंटेनरकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "अम्मी त्याच दिवशी गेली, काकी."

किताबाचा शेवटचा डाव परगावी होता. सकाळी अम्मीला अचानक हॉस्पिटलात न्यावं लागलं. ती सारखी त्याचं नाव घेत होती. अब्बांनी कोचना फोन केला, तर ते म्हणाले, डाव संपल्यावर सांगतो.

"चुकलंच त्यांचं," मी म्हटलं.

"त्यांचं सोडा. समोरच्यानं तासाभरातच बरोबरी मागितली होती. किताबाला तेवढी पुरत होती. तेव्हाच उठलो असतो, तर विमान मिळालं असतं. पण मला जिंकायचं होतं. संध्याकाळपर्यंत खेळत बसलो."

"जिंकलास?"

"हो."

अंजूर जवळ आलं तेव्हा मी विचारलं, "आता खेळतोस ना?"

"खेळतो. पण कोणी बरोबरी मागितली की लगेच देऊन टाकतो."

किताब मिळाला आणि पोरगा ढेपाळला, असं हल्ली भिवंडीत लोक म्हणतात. मी ऐकून घेते आणि विषय बदलते.