मेमच्या गळ्यावरची तीट

सुंदरबाईचं पोट दुखायचं ते खाण्यापिण्यानं नव्हे, तानुबाईच्या नावानं. जळगावात जवरीलाल सेठच्या शेडमध्ये ज्या बाया मशीनवर बसत, त्या बठ्ठ्यांना, म्हणजे सगळ्यांना, हे ठाऊक होतं आणि सुंदरबाईनंही ते कधी लपवलं नाही. लपवायचं कशाला? खुपतं त्याला खुपतं म्हणावं!

शेड म्हणजे सेठच्या कापडाच्या दुकानामागचं पत्र्याचं लांबट खोपट. वैशाखात जळगावचा पत्रा कसा तापतो ते ज्यानं अनुभवलंय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं नाही अनुभवलं त्याचं नशीब चांगलं. मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी सेठला मुंबईच्या एका पार्टीचं काम मिळालं. पातळ पांढऱ्या सुती कापडाचे सैल झगे शिवायचे आणि ते थेट परदेशात जायचे. तिकडच्या तरुण पोरींत त्याची म्हणे टूम निघाली होती. बाया त्याला ‘मेमचा झगा’ म्हणत. दगडीबाई बाह्या लावी, सुंदरबाई दोन्ही बाजूंच्या शिवणी मारी आणि गळा करी तानुबाई. एकटी तानुबाई. गळ्यावर लाल-निळ्या दोऱ्याची वेल भरायची असे, म्हणून तिला दर बरा आणि बसायला खिडकीजवळची जागा. अख्ख्या शेडमध्ये वारा यायचा तो तेवढ्याच कोपऱ्यात.

सुंदरबाईला ती जागा हवी होती. तो गळा हवा होता. तिच्या हातात काय कमी होतं? माहेरी शिंदखेड्याला तिनं भरलेले रुमाल बघायला बाया दुसऱ्या गल्लीतून येत. पण पहिल्या दिवशी सेठनं तानुबाईचा नमुना आधी हातात घेतला, मान डोलावली आणि सुंदरबाईचा रुमाल तसाच घडीचा घडी राहिला. उलगडूनसुद्धा पाहिला नाही मेल्यानं! बोलायला कोण जाणार? ती मुकाट्यानं शिवणीवर बसली, पण तो रुमाल तिच्या डोक्यातून काही गेला नाही.

त्यात भर म्हणून ते चित्र आलं. मुंबईवाल्यानं पाठवलेलं, तिकडच्या कुठल्याशा मासिकातलं रंगीत पान. सेठनं ते कौतुकानं शेडच्या खांबाला डकवलं. केस मोकळे सोडलेली एक गोरीपान, हडकुळी पोरगी झगा घालून हसत उभी आणि तिच्या गळ्याभोवती तानुबाईची वेल!

"तानुअक्का विलायतले गयी वं!" दगडीबाई ओरडली. बाया गोळा झाल्या. दोन दिवसांत गल्लीतल्या बायाही चित्र पाहायला येऊ लागल्या. तानुबाई पदर तोंडाला लावून हसायची आणि मान खाली घालून टाके घालत राहायची. तेवढंसुद्धा सुंदरबाईला सोसेना. हसते बघा कशी, जसं काही हिनंच मेमला जन्म दिला!

मग तीही खांबाजवळ गेली. नाक कागदाला टेकेपर्यंत वाकून पाहिलं. मेमनं दोन्ही हात खाली सोडलेले.

"मनी शिलाई कोठे शे?" तिनं विचारलं.

"तुनी? तिनी काखमा!" दगडीबाई म्हणाली आणि सारी शेड खिदळली.

काखेत! सुंदरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसभर मान मोडून शिवायचं आणि कुठं, तर त्या बयेच्या काखेत! तिला मेमचाही राग आला. तिला काय, दुकानात जायचं, स्वस्त आहे म्हणून उचलायचं, चार दिवस मिरवायचं नि टाकून द्यायचं. तानुबाईचं नाव तरी त्या मेमला कुठं ठाऊक होतं? पण जळणाऱ्या माणसाला एवढं कसं सुचावं! त्या दिवसापासून सुंदरबाईचं पाऊल मशीनवर आणि डोळे तानुबाईच्या बोटांवर.

"अक्का, झाक तुना गळा," दगडीबाई चिडवायची. "सुंदरनी नजर लागी जाई."

बाया हसायच्या. सुंदरबाई नाक मुरडायची.

आणि एक दिवस तिच्या हाती शिवणीला आलेल्या झग्याच्या गळ्यात, मागच्या बाजूला, दुमडीच्या आत तिला काळा टिपका दिसला. नीट पाहिलं तर टाका होता. काळ्या दोऱ्याचा एकच, घट्ट गाठीचा. दुसऱ्या झग्यात तसाच. तिसऱ्यातही. आपल्याकडची बाई असल्यावर कळायला वेळ लागतो का? पाळण्यातल्या लेकराच्या गालाला लावतात ती तीट! तानुबाई गळ्याला तीट लावत होती.

म्हणजे माझ्या नजरेला भिऊन! सुंदरबाईचे कान तापले. मी काय जखीण आहे? बरं, कापड एवढं पातळ की तो काळा टाका बाहेरून कळायचा. ती एका शब्दानं सांगू शकली असती, अक्का, हे बाहेर दिसतंय. पण नाही सांगितलं. ओठ आवळून शिवणी मारत राहिली आणि गठ्ठा पुढं सारत राहिली.

गठ्ठे मुंबईला गेले आणि तसेच परत आले.

"डागी माल म्हणून तोंडावर फेकला माझ्या!" जवरीलाल सेठ झगा उलटा करून बायांसमोर नाचवत होता. "हे काळं काय आहे?" मग त्यानं जवळून पाहिलं आणि त्यालाही उमगलं, अखेर तोही लेकराबाळांच्या घरातलाच. "तीट? अरे देवा, मेमला तीट! कोणाचं हे काम?"

दगडीबाई खाली बघत बसली. तानुबाईचे ओठ हलले, पण तिच्या आधी सुंदरबाईचं बोट वर झालं.

"गळा कोन करस, सेठजी? काळा दोरा तिनाच डबामा शे."

सेठ वाटला तेवढा तडकला नाही. त्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. मुंबईवाला दर पाडून मागतोय, तो म्हणाला. दुसऱ्या देशांतल्या बाया म्हणे याहून कमीत शिवून देतात. तिकडच्या लोकांना स्वस्त पाहिजे, दरवर्षी आणखी स्वस्त. "झालं ते झालं, तानुबाई. अर्ध्या दरात गळा करणार असशील तर बस."

"वेल भरता भरता डोया जातस मना, सेठजी," तानुबाई डोळे चोळत म्हणाली. "अर्धामा नही परवडस."

सेठनं तिच्यावरची नजर उचलली आणि सुंदरबाईवर ठेवली. त्याला विचारावंसुद्धा लागलं नाही.

"मी करसू," सुंदरबाई म्हणाली.

तानुबाईनं आपला डबा उचलला, पदर सावरला आणि गेली. सुंदरबाई खिडकीपाशी बसली. वारा खरंच छान होता हो! पण गळ्याचा दर पडला म्हटल्यावर बाह्यांचा कसा टिकणार? तो पडला. शिवणीचा पडला. डागी झगे सेठनं मजुरीत बायांच्याच गळ्यात मारले. दुपारच्या भाकरीला बाया गोल करून बसत, त्या गोलात सुंदरबाईपुरती जागा उरेना.

एकदा नळावर तानुबाई भेटली. ती आता लोकांच्या गोधड्या शिवत होती. सुंदरबाईला राहवलं नाही. माझ्या नजरेला भिऊनच तीट लावलीस ना, म्हणून तिनं तोंडावर विचारलं.

तानुबाई बघतच राहिली. "तुनी नजर? तू तं आपली शे वं! माले त्या पोरनी दया उनी. येवढी हडकुळी, गळा उघडा, बठ्ठी दुनिया तिले देखस. कोनी तरी आंडेर शे ना ती पन!"

आंडेर म्हणजे लेक. सुंदरबाईची कळशी भरून वाहत होती. तशीच उचलून ती घरी गेली. पदर ओला झाला, त्याचं तिला भान नव्हतं.

दिवाळीनंतर सेठनं सातपुड्याच्या पायथ्याकडची एक तरणी पोर आणून शिवणीवर बसवली. कुण्या खेमाची बायको, नाव दिवालीबाई. कामाला चलाख. मिळेल त्या दरावर राजी. चार दिवस गेले आणि सुंदरबाईला मानेशी काही टोचल्यासारखं झालं. तिनं वर पाहिलं. दिवालीबाईचं पाऊल मशीनवर होतं आणि डोळे सुंदरबाईच्या बोटांवर, वेलीवर, खिडकीवर. ते डोळे तिच्या चांगले ओळखीचे होते.

"सेठजी," दिवालीबाई लाजत म्हणाली, "माले बी भरता येस. नमुना दखाडू?"

"दाखव, दाखव," सेठ म्हणाला.

सुंदरबाईनं घाईघाईनं आपला डबा उघडला. लाल दोरा होता. निळा होता. काळा दोरा सेठनं त्या तिटेच्या भानगडीपासून शेडमधून कायमचा बंद केला होता.