जेम्स राजाचं काळं पदक

माझा मित्र सुधीर माझ्याशी शेवटचं बोलला ते पदकाबद्दल. बहारीनमधलं, मनामातलं हॉस्पिटल, नाकात नळी, आणि हा माझं मनगट घट्ट धरून म्हणतो, “तेवढं घासू देऊ नकोस रे.” म्हटलं, गप पड, घरी येऊन स्वतःच राखण कर. दोन दिवसांनी सित्र्याच्या रिफायनरीत शिफ्टवर असताना फोन आला... खलास.

पदक म्हणजे जुन्या रुपयाएवढं, चांदीचं, काळंकुट्ट. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाच्या राज्याभिषेकाचं. लोकांत वाटायला म्हणून तिथे काढलेलं पहिलंच, असं सुधीर सांगायचा. एका बाजूला रोमन बादशहासारखा पानांचा मुकुट घातलेला राजा, दुसऱ्या बाजूला मागच्या पायांवर उभा सिंह. “आणि गंमत बघ,” तो दर वेळी नव्यानं सांगे, “वाटायला पदकं तयार, आणि लंडनात प्लेग! लोकांना यायलाच बंदी. घाबरत घाबरत राजा झाला रे बिचारा.” बँकेतला हा हिशेबी माणूस, पण लिलावात ते मिळालं तेव्हा लहान पोरासारखा नाचला होता. चारशे वर्षांत चढलेला तो काळा थर म्हणजे त्याचा जीव की प्राण. आणि घरात कोण? तर सुनंदावहिनी! त्यांच्या अदलिया भागातल्या फ्लॅटमध्ये सणाच्या आधी त्या चिंच घेऊन बसल्या की चमच्याचीसुद्धा काळं राहायची हिंमत नसे. तेवढे दिवस पदक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये जायचं.

दहाव्याला स्मशानाच्या आवारात पिंड ठेवला. विधी लेकीनं, मृणालनं केले. कावळे भिंतीवर बसलेले, पण एकही खाली उतरेना. “बाबा, आईला मी सांभाळीन,” मृणाल म्हणाली. छे! भटजी इथे नोकरी सांभाळून विधी करणारे, त्यांना ड्युटीवर जायचं होतं. म्हणाले, “दर्भाचा कावळा करू या का?” त्याचा जीव कशात अडकलाय ते मला ठाऊक होतं ना! हात जोडून मोठ्यानं म्हणालो, “सुधीर, पदक तसंच काळं राहील. माझा शब्द.” कावळे ढिम्म.

“भावोजी, खोटा शब्द नका देऊ त्यांना.” वहिनी पुढे झाल्या. “मी घासलंय ते. हे हॉस्पिटलात होते... देव घासायला काढले, तेव्हा कपाटात सापडलं. सणासुदीला लपवायचे, मला वाटलं काळं पडलंय म्हणून लाजतात. म्हटलं, घरी आले की दाखवीन, बघा किती छान आहे तुमचा राजा.” मग त्या पिंडासमोर वाकल्या. “चुकलं हो माझं. रागावू नका.”

मी मनात म्हटलं, सुधीर, सगळ्या जगाला सांगितलंस, आणि हिला नाही सांगितलंस होय रे?... एक कावळा उतरला, घास उचलला, गेला. मी हमसून हमसून रडलो.

परवा वहिनींकडे गेलो. पदक सुधीरच्या टेबलावर होतं, लख्ख. सिंहाच्या आयाळीच्या रेषा पुसट झाल्यात, की मलाच तसं वाटलं...

“पुन्हा काळं व्हायला किती वर्षं लागतील हो, भावोजी?”

“पहिल्यासारखं... आपल्या हयातीत नाही व्हायचं, वहिनी.”

त्यांनी मान हलवली आणि आत हाक मारली. “मृणाल, इकडे ये गं. नीट ऐक. याला कुणी हात लावायचा नाही. तुझ्या मुलांना सांग, आणि त्यांना म्हणावं, त्यांच्या मुलांना सांगा.”