इस्तारीची मिशी

आमच्या झाडीपट्टीत माणूस मिशी एकदाच काढतो, बाप गेल्यावर. दहाव्याच्या दिवशी तळ्याकाठी न्हाव्यापुढे मान खाली घालून बसायचं, की झालं. इस्तारीनं मात्र ती दरसाल काढली, आणि तीही बाप अंगणात जाळं विणत धडधाकट बसलेला असताना. कारण इस्तारी आमच्या खैरटोल्याच्या नाटक मंडळीत राणी होता.

मी त्या मंडळीचा पेटीवाला. पेटीवाला सूर धरतो, असं लोक समजतात. खरं सांगायचं तर तो नटांची फजिती झाकतो. कुणी भाषण विसरला की मी भाता जोरात हलवायचो आणि लोकांना वाटायचं, काय रंगलंय. इस्तारीसाठी मला हे कधी करावं लागलं नाही, म्हणून तो मला आवडायचा आणि थोडा रागही यायचा.

खैरटोला सिंदेवाहीपासून बैलगाडीनं दोन कोस. शालिकराम मास्तरांनी तीन नाटकं लिहिली होती आणि मंडळी तीच तीन नाटकं आलटूनपालटून करायची. दिवाळीनंतरच्या मंडईपासून, म्हणजे गावजत्रेपासून, होळीपर्यंत आम्ही गावोगाव फिरायचो. नवीन नाटक लिहा असं कुणी म्हटलं, की मास्तर म्हणायचे, आधी जुनं नीट करून दाखवा. मंडळीचे दोन नियम होते. पहिला असा की एकदा मिळालेली पार्टी, म्हणजे भूमिका, मरेपर्यंत त्या नटाची. त्यानं स्वतःच्या हातानं दिली तरच दुसऱ्याला मिळायची. राणीच्या बांगड्या इस्तारीच्या घरी आणि राजाची लाकडी तलवार भैयाजीच्या घरी असायची. दुसरा नियम, राजाची मिशी घरची पाहिजे. भैयाजीच्या आधीच्या राजानं एकदा चिकटवलेली मिशी लावली होती. ऐन लढाईत ती घामानं सुटून पडली आणि शत्रूनं ती उचलून अदबीनं परत दिली. तिथून पुढं कितीतरी दिवस आम्ही जाऊ तिथं लोक तेच विचारायचे. तेव्हापासून मास्तरांना चिकटवलेल्या मिशीचं नावही खपत नसे.

इस्तारीचा बाप लटारू, ढीवर. डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, उभं राहून तळ्यात जाळं फेकण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. पोळा झाला की तालमी लागायच्या, आणि त्याच दिवशी इस्तारी इसरू न्हाव्याकडून मिशी उतरवून यायचा. पहिल्या वर्षी लटारूनं पोराचं तोंड पाहिलं, हातातलं जाळं खाली ठेवलं आणि म्हणाला, "मी जित्ता हावो अजून." त्यानंतर होळीपर्यंत अबोला. होळीला हंगाम संपायचा, मिशी फुटायची आणि बापाला वाचा फुटायची.

मग दरवर्षी हेच. मधले महिने बापलेकाचा सगळा कारभार इस्तारीची बायको भागीरथा हिच्यामार्फत चालायचा. तिघं एका चुलीभोवती बसलेले असायचे. लटारू म्हणायचा, सूनबाई, त्याला विचार डोंग्याचं भोक बुजवलं का. भागीरथा मान वळवून हातभर अंतरावर बसलेल्या नवऱ्याला तेच विचारायची आणि त्याचं उत्तर सासऱ्याला नेऊन द्यायची. एकदा ती वैतागून माझ्या बायकोला म्हणाली, की मंडळीतल्या नटांना एकाच माणसाचं भाषण पाठ करावं लागतं, मला घरी दोघांचं. लटारूनं मुलाचं नाटक एकदाही पाहिलं नाही. नाटकाच्या रात्री तो मुद्दाम तळ्यावर झोपायला जायचा.

इस्तारीची राणी मात्र पाहण्यासारखी होती. नाटकातला राजा शिकारीत हरवतो, शत्रू राज्य घेतो आणि राणी रानातली लाकडं विकून दिवस काढते. मोळी उतरवताना इस्तारी एक हात कमरेवर ठेवून क्षणभर थांबायचा. तेवढ्यावर पुढं बसलेल्या बाया पदर तोंडाला लावायच्या. त्यातल्या निम्म्या बाया सकाळी स्वतःच मोळ्या आणायच्या, पण त्यांचं रडू राणीच्या मोळीला यायचं. मला याचं नेहमी नवल वाटे.

छप्पन साली आमचा मुलूख मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. त्यानं खैरटोल्यात काही हललं नाही. हललं ते पुढच्या वर्षी. शेजारच्या गावच्या मंडळीनं नागपूरहून बाई आणली, खरीखुरी बाई, आणि आमच्यापुढं बसलेली माणसं अर्ध्या नाटकातून उठून तिकडं गेली. गुणवंतराव आमचे अध्यक्ष. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली तरी त्यांचा तक्क्या काही हलला नव्हता. त्यांनी होळी झाल्याबरोबर बैठक बोलावली आणि सांगून टाकलं की येत्या हंगामात रंभाबाई नावाची नटी नागपूरहून छोट्या आगगाडीनं येईल. इस्तारीनं बांगड्या आणून द्याव्यात. त्याला दारावर उभं राहायचं काम मिळेल, कनातीतून कोणी फुकट घुसू नये म्हणून.

इस्तारी तेव्हा पस्तिशीचा. त्याची अर्धी हयात त्या बांगड्यांत गेली होती. त्यानं त्या आणल्या, फडक्यासकट मास्तरांपुढं ठेवल्या.

"बांगड्या देतो," तो म्हणाला. "स्टेज नाई सोडत. मले राजा पाह्यजे."

सगळे हसले. मीही हसलो, कारण गोष्टच हसण्यासारखी होती. ज्यानं उभ्या आयुष्यात पुरुषाचं एक वाक्य बोललं नाही, ज्याचे खांदे चालताना आपोआप आखडतात, तो राजा होणार. हसला नाही तो एकटा भैयाजी. त्याचे पुढचे दात पडले होते, लढाईच्या प्रवेशात दम लागायचा, आणि गुणवंतराव आपल्या भाच्यासाठी तलवार मागत त्याच्या मागं लागले होते. भाच्याला नाटकापेक्षा शिकारीचा नाद. भैयाजी इस्तारीला म्हणाला की मिशी घेऊन ये आणि आवाज घेऊन ये, मंडईच्या आधी दोन्ही आणलं तर तलवार तुझी, नाहीतर ती भाच्याकडे जाईल. इस्तारी लगेच हो म्हणाला.

पोळा आला. इसरूनं सवयीनं वस्तरा परजून ठेवला, पण इस्तारी गेला नाही. लटारू जाळं विणता विणता रोज तिरक्या नजरेनं पोराच्या ओठाकडे पाहायचा. एका संध्याकाळी ताटावर बसताना त्यानं सरळ पोरालाच विचारलं, जेवला का. भागीरथानं सवयीनं मान वळवली आणि तोच प्रश्न नवऱ्याला विचारला. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती उठून बाहेर जाऊन हसत बसली. हसता हसता रडलीही असेल, तिनं मला ते सांगितलं नाही.

पण मिशी वाढवणं सोपं, ती झोपेतही वाढते. राजा काही केल्या येत नव्हता. तालमीत इस्तारी तलवार उपसायचा आणि डावा हात नसलेला पदर सावरायला जायचा. चार पावलं टाकायचा, त्यातलं तिसरं राणीचं पडायचं. आवाज वर गेला की पातळ व्हायचा. भाचा कनातीशी बसून सुपारी खात हे पाहायचा. नवीन राणी रंभाबाई माझ्या अपेक्षेपेक्षा भली निघाली. मोळी कशी उतरवायची ते तिनं इस्तारीला विचारून घेतलं, आणि त्यानं तालमीला सगळ्यांपुढं हातचं न राखता दाखवलं. ते दाखवताना तो इतका सहज राणी झाला की मास्तरांनी कपाळाला हात लावला.

त्यानं हार मानली नाही, हे मात्र सांगितलं पाहिजे. पहाटे तो डोंगा घेऊन तळ्याच्या मध्यावर जायचा आणि राजाचं भाषण ओरडायचा. शिंगाडे काढणाऱ्या बाया घाबरून काठाला यायच्या. दिवसा धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलातून लांब ढांगा टाकत फिरायचा, राणीची पावलं मोडावीत म्हणून. लोकांनी नावं ठेवली. तो रोज जायचा.

एक दिवस लटारू आपणहून डोंग्यात येऊन बसला. थोडं ऐकलं, मग म्हणाला, इतका ओरडतोस तरी तुझा एक शब्द मला काठावर नीट पोचला नाही. इस्तारीनं विचारलं की मग करू तरी काय. बापानं जाळं उचललं आणि डोंग्याच्या टोकाला उभा राहिला. दोन पाय फाकलेले, कंबर खाली, खांदे सैल. जाळं गोल उघडत गेलं आणि पाण्यावर पडलं, डोंगा तसूभर हलला नाही.

"पाय हालले तं डोंगा उलटते," लटारू म्हणाला. "आंधी उभा राह्य. बोलनं मंग."

त्यानंतर बापलेक रोज पाण्यावर. इस्तारी जाळं धरून उभा राहायचा आणि त्या उभं राहण्यातून बोलायचा. आवाज पोटातून येऊ लागला. दसऱ्याच्या सुमारास तालमीत त्यानं पहिल्यांदा पूर्ण प्रवेश केला आणि हात पदराकडे गेला नाही. भैयाजीनं तिथल्या तिथं तलवार त्याच्या हातात दिली. गुणवंतरावांना नियम ठाऊक होते. तलवार मिशीवर मिळाली होती, मिशी गेली की तलवार गेली.

दसरा झाला आणि लटारू तापानं पडला. म्हातारा चिवट होता, पण ताप त्याच्याहून चिवट निघाला. सगळ्यांच्या लक्षात यायच्या आधी त्याच्याच लक्षात आलं की आपण मंडई पाहत नाही. त्यानं भागीरथाला जवळ बोलावलं. इस्तारी उशाशीच बसला होता, तरी लटारू तिच्याशीच बोलला. यानं सांगितलेलं पंच ऐकणार नाहीत, म्हणून तुला सांगतो, असं म्हणाला.

"माह्या नावानं यानं दर पोळ्याले मिशी काढली. माह्यं सारं सुतक मी जित्ता असतानीच फेडून टाकलं. आता मी गेल्यावर मिशीले हात लावू नोको म्हना त्याले."

दुसऱ्या दिवशी तो गेला.

इस्तारीचं मन मला माहीत आहे, कारण त्यानं ते मला सांगितलं. इतकी वर्षं त्यानं मिशी काढली ती कामाची गोष्ट म्हणून, डोळ्याचं पातं न लवता. या वर्षी पहिल्यांदा ती काढावीशी वाटत होती. बापासाठी करण्यासारखं तेवढंच उरलं होतं आणि नेमकं तेच बाप नको म्हणून गेला होता.

दहाव्याला तळ्याकाठी सगळी भावकी जमली. मीही गेलो होतो. इसरूनं इस्तारीच्या डोक्याचे केस उतरवले आणि वस्तरा ओठाकडे आणला, तेव्हा इस्तारीनं मिशीवर तळहात ठेवला. भावकीत एकदम गलका झाला. नाटकासाठी बापाला विसरला, असं कोणीतरी म्हणालं. बुधू हा समाजाचा म्हातारा पंच, लटारूच्या बरोबरीचा, त्याच्यासोबत उभा जन्म मासे मारलेला. त्यानं सगळ्यांना गप्प केलं आणि इस्तारीला विचारलं, हात काऊन ठेवला. इस्तारी म्हणाला, "जातीबाहेर टाका तं टाका भाऊ. बा नाई म्हनून गेला. वस्तरा लागनार नाई."

बुधूनं विचारलं, याला साक्ष कोण. बायका मागं बाभळीखाली उभ्या होत्या. त्यांतून भागीरथा पुढं आली. घाटावर पुरुषांत येऊन बोलायची आमच्याकडे बायकांची रीत नाही. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि सासऱ्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. एक शब्द इकडचा तिकडे नाही. इतक्या वर्षांची सवय होती तिला. सांगून झाल्यावर म्हणाली, "मामाजीचे सारे निरोप मीच पोचवले. हा शेवटचा."

इसरू वस्तरा हातात धरून बसला होता. तो पुटपुटला, की दर पोळ्याला याची मिशी मीच काढली, तेव्हा कोणी पंच विचारायला आला नव्हता. बुधू इसरूला म्हणाला, ठेव तो वस्तरा. भावकीतले दोघं न जेवता उठून गेले. बाकीचे बसले.

मंडईला नाटक लागलं. मुंडण केलेल्या डोक्यावर मुकुट सारखा घसरत होता, तो आतून चिंधी लावून बसवला. पहिल्या प्रवेशात लोक राजाकडे पाहून कुजबुजले. राणीला ओळखणारी सगळी माणसं समोर बसली होती, आणि राणी कुठं सापडते का ते शोधत होती. मी भात्यावर हात तयार ठेवून होतो, वेळ आलीच तर झाकायला. वेळ आली नाही. बुधू समोर गोणपाटावर बसला होता. लटारूसारखाच तोही कधी नाटकाला येत नसे.

आमचं नाटक उजाडताना संपतं. शेवटच्या प्रवेशात रंभाबाई मोळी घेऊन बाजारात आली. तिनं मोळी उतरवली, कमरेवर हात ठेवून क्षणभर थांबली आणि बायांनी पदर तोंडाला लावले. तेवढ्यात पलीकडून हरवलेला राजा आला. त्याला पुढं यायचं होतं, उभं राहायचं होतं आणि राणीला नावानं हाक मारायची होती. इस्तारी आला. पाय फाकले, कंबर खाली घेतली, खांदे सैल सोडले, आणि हाक मारण्याआधी नुसता उभा राहिला. मागं झुंजुमुंजू झालं होतं, गॅसबत्ती फिकी पडली होती, आणि सगळ्या मांडवात हूं की चूं नव्हतं.

त्या शांततेत बुधू बोलला. हळूच बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"हा तं लटारू उभा हाय."

इस्तारीनंही ते ऐकलं असणार. त्याचे पाय हलले नाहीत. त्यानं हाक मारली, आणि ती तळ्याच्या पलीकडल्या काठापर्यंत गेली. मी मात्र डोळे पुसायच्या नादात सूर चुकलो आणि माझी चूक झाकायला तिथं दुसरा पेटीवाला नव्हता.